तिसऱ्या हाकेला

शेकोटीत आणखी एक लाकूड सरकव, हिमांशू. नीतू, तू भिंतीला टेकून बस. सांगतो ते माझ्या शेजारच्या टेकचंदचं. अन् ऐकीव नाही. मी सोबत होतो.

दोन हजार पंचवीस, नोव्हेंबरची वीस तारीख. गुरुवार, अमावास्या. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. टेकचंद पाणीवाटप संस्थेचा अध्यक्ष. धान कापणीला आलं, आता पाणी नको, म्हणून तलावाच्या पाणी सोडायच्या दाराला कुलूप आहे का ते पाहायला तो निघाला. मी ओसरीवरूनच हटकलं, "कुठं जाऊन राहिला, टेकचंद?"

"तलावावर. येता का, उमरावभाऊ? घरी बसून तरी दुसऱ्याच्या चौकशाच करान तुम्ही."

गेलो. तलावाभोवतीचा तो रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. अडीच किलोमीटर, सपाट, मध्ये मध्ये बाकं, सौर दिवे. गुडघे दुखणाऱ्या बायाही गप्पा मारत एक फेरी करून येतात.

पण हा रस्ता व्हायच्या कितीतरी आधीपासून तलावाचा एक नेम आहे. पाण्याचं दार उघडण्याआधी पाण्याकडे तोंड करून तीन हाका द्यायच्या, "दार उघडतो होऽऽ!" दाराच्या तोंडाशी अडकलेलं गवत काढायला कोणी छातीभर पाण्यात उतरलेला असतो. तो "थांब!" म्हणाला की दाराच्या चाकाला हात लावायचा नाही, नाहीतर पाण्याची ओढ त्याला दारातून पलीकडं नहरात नेते.

दोन वर्षांआधी आपला पाणकरी, शेतांना पाणी वाटणारा, उजव्या हाताला चारच बोटं असलेला श्यामलाल, तिथंच मेला. दारू पिऊन पडला, असं टेकचंदनं पंचनाम्यात सांगितलं. तेव्हापासून श्यामलालच्या बायकोला, रुख्माला, लोक तोंडावर 'दारुड्याची बायको' म्हणायचे. ती आमच्याकडे धान पाखडायला येई. दर वेळी म्हणे, "भाऊजी, ते पीत नव्हते जी." मी मान हलवायचो. बस.

आम्ही पलीकडच्या काठाला पोचलो, तेव्हा पहिली हाक आली.

"दार उघडतो होऽऽ!"

पाण्यातून.

टेकचंद थबकला. "कोण होय बे?"

रातकिडे गप्प झाले.

"पोट्टे असतील," मी म्हणालो.

थोडं चाललो. दुसरी हाक. जवळून. आवाज ओळखीचा होता...

टेकचंद बाकावर बसला. खालीच पाहत होता.

"उमरावभाऊ... त्या रात्री पाण्याची पाळी माझी नव्हती. माझं धान निसवून राहिलं होतं, लोंब्या सुकत होत्या. चोरून दार उघडलं. हाक देली नाही."

"अन् श्यामलाल खाली होता?"

"होता."

"तुले मालूम नव्हतं?"

त्यानं खिशातली चावी चाचपली.

"तो 'थांब' म्हणाला, भाऊ. दोनदा म्हणाला. मले वाटलं, यानं माझी चोरी पाहिली, आता गावभर सांगन... मी चाक फिरवतच राहिलो."

तिसरी हाक आली. आमच्या पायाशी.

"दार... उघडतो... होऽऽ..."

टेकचंदचं तोंड उघडलं. आवाज निघेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

एकच शब्द होता. मला म्हणता आला असता.

रुख्मा आठवली.

मी बोललो नाही...

लांब, अंधारात, चाक किरकिरलं. टेकचंद उठला. पाण्यात जाणाऱ्या पायऱ्या उतरला. एक. दोन. तीन. पाण्यावर लाट नाही. आवाज नाही.

मी पळत सुटलो, तो थेट रुख्माच्या दारात. सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "उद्या चावडीवर, सगळ्यायसमोर सांगा."

सांगितलं. तेव्हापासून तिला तसं कोणी म्हणत नाही.

टेकचंद सकाळी सापडला. बांधाच्या दुसऱ्या बाजूला, नहरात. नहर कोरडा. कपडे कोरडे. दाराला कुलूप, अन् चावी त्याच्या खिशात. आम्ही तर दारापर्यंत पोचलोही नव्हतो. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल.

पण मी पळत होतो ना, तेव्हा मागून कोणीतरी माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. हलकाच. शाबासकी देतात तसा.

त्यानंतर किती सदरे बदलले. हा तर आजच दोरीवरून काढला, दिवसभर उन्हात होता.

हिमांशू, इकडं ये. इथं हात लाव.

ओल लागते ना?

आता बोटं मोज...