पलंगाच्या पलीकडची धाप

खोटं वाटलं तर सोडून द्या, राव. पण हे घडलंय. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात, गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी.

भिमाजी आणि धम्मपाल चाकणला एकाच कंपनीत. जाणं-येणं एकाच मोटारसायकलवर. कंटेनरने उडवलं तेव्हाही दोघं सोबतच होते.

धम्मपाल जागीच गेला.

भिमाजी व्हेंटिलेटरवर. शुद्ध नाही, त्यामुळे त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी डॉक्टर बघणार होते, तो स्वतः श्वास घेतो का. घेतला तर नळी निघणार. नाही तर गळ्याला भोक पाडावं लागणार. बायको अपेक्षा उशाशी उभी. जीव नुसता टांगणीला.

सिस्टर म्हणाली, "ताई, गळा सुजलाय म्हणून नळी बारीक घातलीय. स्ट्रॉमधून श्वास ओढावा तसं होतं त्यांना. नळीचा तेवढा भार मशीन उचलतं. श्वास मात्र त्यांनीच ओढायचा."

भिमाजीची छाती संथ वर-खाली होऊ लागली. घाम नाही, दमणं नाही.

अपेक्षाने हात जोडले.

आणि तेवढ्यात तिला ऐकू आलं...

कुणीतरी धापा टाकत होतं.

पलंगाच्या पलीकडून...

तिथे कुणीच नव्हतं.

ओढून ओढून घेतलेला, चिरका श्वास. भिमाजीच्या प्रत्येक श्वासाबरोबर.

सिस्टर मशीनकडे बघून चरकली. "अगंबाई! नळीचा भार उचलायचं सेटिंग बंदच राहिलंय! मग इतका वेळ हे दमले कसे नाहीत?"

तिने घाईने ते चालू केलं.

धाप थांबली.

मग अगदी हळू... "येतो, वहिनी."

अपेक्षाच्या अंगावर सर्रकन काटा आला. रोज भिमाजीला दारात सोडून जाताना धम्मपाल हेच म्हणायचा.

संध्याकाळी नळी निघाली. भिमाजी वाचला.

बाहेर धम्मपालची बायको वर्षाली बसली होती. स्वतःचं कुंकू पुसलेलं, तरी अपेक्षासाठी डबा घेऊन आलेली. अपेक्षा तिच्या गळ्यात पडली.

"भाऊजी आले होते गं. ह्यांचा भार उचलून गेले."

वर्षालीने डबा तिच्या हातात दिला.

मग तिने एवढंच विचारलं, "त्यांना लई त्रास होत होता का गं?"

"न्हाई गं बाई. शांत होते."

काय सांगणार होती दुसरं? ती धाप अजून तिच्या कानातून जात नाही. आणि वर्षाली समोर आली की अपेक्षाची मान वर होत नाही.