बादलीतली वाडी

पापडीच्या बाजारात क्षितिजाने मिरचीची चार रोपं घेतली, तर विकणाऱ्या स्वरूपने सोबत पाण्याचा कॅनही तिच्या हातात दिला.

“आमच्या बावखलातलं आहे. आठवडाभर हेच घाला... नळाच्या पाण्याने रोपं रुसतात.”

“की कॅन परत द्यायला मी यावं म्हणून?”

तो गालावरच्या तिळासकट कानापर्यंत लाल झाला. “तसं... तसंही समजा.”

बावखल म्हणजे वाडीतलं शिंपणाचं तळं, हे जूचंद्रला सातव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीला कुठून ठाऊक असणार! तिने पाणी बाल्कनीतल्या बादलीत ओतलं, सहज वाकून पाहिलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाण्यात सुपारीची झाडं हलत होती. केळीखाली स्वरूप उभा होता, आणि तोही वाकून पाण्यातच बघत होता.

दुसरी एखादी असती तर पाणी ओतून मोकळी झाली असती. हिने बादलीवर झाकण ठेवलं आणि रोज सकाळी ते उघडून, चहाचा कप घेऊन तिथेच बसू लागली. रोपांना कितीही पाणी घाला, बादली भरलेलीच!

दर शुक्रवारी ती बाजारात जाई. हळूहळू तिच्या इमारतीतली बारा घरंही स्वरूपकडूनच भाजी मागवू लागली.

“तुमच्यामुळे वाडीला हुरूप आलाय,” तो एकदा म्हणाला. “पण माझा थोरला भाऊ, जितूदादा म्हणतो, बावखल बुजवून दुकानांचे गाळे काढू. वाडी दोघांच्या नावावर, म्हणून सहीसाठी सतत मागे लागलाय... माझंही आता बळ सरत चाललंय.”

पुढच्याच बुधवारी बादली गढूळ झाली. तळाशी विटांचे तुकडे दिसले. क्षितिजा तशीच रिक्षाने पापडीला धावली.

काठावर डंपर उभा होता. पहिला ढीग पाण्यात पडला होता, जितूदादा पुढचा टाकायला सांगत होता आणि स्वरूप खाली मान घालून उभा होता.

“थांबव ना त्यांना!” तिला धाप लागली होती.

“तुला कसं कळलं?”

“बादलीत... दिसलं.”

तो हसला नाही. “मलाही या पाण्यात तुझी बाल्कनी दिसते. पिवळी ओढणी, चहाचा कप... कुणाला सांगणार? वेड्यात काढलं असतं. तुझ्यात पार गुंतलोय गं मी.”

“मीही,” ती पुटपुटली. “मग हे बुजलं तर तुला बघू कुठे?”

दोघं काठावर वाकली. पाण्यात तिचीच बाल्कनी होती, पण मिरच्यांच्या कुंड्यांनी गच्च भरलेली. पांढऱ्या केसांची एक बाई बादलीवर वाकून त्यांच्याकडेच बघत होती. शेजारच्या म्हाताऱ्याच्या गालावर स्वरूपचाच तीळ होता.

“ती बादलीत बघतेय...” स्वरूपने पाण्याकडे बोट दाखवलं. “म्हणजे आपण म्हातारे होऊ तेव्हाही हे पाणी आहे!”

तो ताठ उभा राहिला. “दादा, गाडी मागे घ्यायला सांग. माझी सही मिळणार नाही.”

डंपर गुरगुरत मागे गेला. स्वरूपने क्षितिजाचा हात धरला. पाण्यातली म्हातारी गालातल्या गालात हसली आणि तिने बादलीवर अलगद झाकण ठेवलं.