परवा या

तो पहिल्यांदा खिडकीशी आला तेव्हा त्याला फक्त पाणी हवं होतं. मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसते. लोक प्रश्न विचारतात, मी पुस्तकांतून उत्तर शोधून देते. मान वर न करता मी कोरी चिठ्ठी पुढं सरकवली. "प्रश्न लिहून द्या."

त्यानं मुकाट्यानं लिहिलं – 'प्यायचं पाणी कुठं आहे?'

वाचून मला हसू आवरेना.

"उत्तर कधी मिळेल?" चेहरा अगदी गंभीर.

"एरवी परवा. तुम्हाला आत्ताच देते. जिन्याखाली."

तो शाळेत शिक्षक होता. मग वर्गातल्या मुलांचे प्रश्न घेऊन येऊ लागला. एवढ्या उंचावरून पडून मुंगी मरत का नाही? एकाची जांभई पाहून दुसऱ्याला का येते? दोन पुस्तकांत पडताळल्याशिवाय मी उत्तर देत नसे, म्हणून माझं ठरलेलं – परवा या. तो मला परवाबाई म्हणायला लागला.

"फोनवरच्या एखाद्या ग्रुपवर विचारलंत तर पाच मिनिटांत सांगतील," मी एकदा म्हटलं. बाकी सगळे तिकडंच गेले होते. दिवसाकाठी एक चिठ्ठी आली तरी पुष्कळ.

"सांगतात ना. मुंगीचं कधीच कळलं होतं."

"मग इथं कशाला येता?"

"पाच मिनिटांत काय बघून होतंय..." असं म्हणून तो उगाच पेनाचं टोपण लावत बसला. माझे कान तापले.

एक पुरावा मिळाला, मी मनाशी म्हटलं. आणि दुसऱ्याची वाट पाहू लागले.

एका सोमवारी त्याच्या चिठ्ठीवरचं अक्षर फार बारीक होतं. 'दूरच्या शाळेत बोलावलंय. जाऊ की राहू?'

उत्तर मला ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांची सवय – तोंडातून निघून गेलं, "परवा या."

"बरं," तो म्हणाला.

बुधवारी आला तो रिकाम्या हातानं.

"काल होकार कळवला. इथं माझ्या जागी माणूसही ठरला."

"मी आज सांगणार होते..."

"मला दम निघेना. एका ग्रुपवर लिहिलं – तिला विचारलं, तर म्हणाली परवा या. याचा अर्थ काय? एकशे बेचाळीस जणांनी उत्तर दिलं. राहा म्हणायचं असेल तर कुणी दोन दिवस लावत नाही म्हणे."

"त्यातलं मला कोण ओळखतं?"

"कुणीच नाही." तो खाली बघत होता. "पण सगळे एकच सांगत होते. तुम्हाला तर दोनच पुरावे लागतात."

मी खणातून त्याची चिठ्ठी काढून पुढं ठेवली. खाली माझ्या अक्षरात होतं – 'राहा. मला तुमच्याशिवाय करमणार नाही.' तारीख सोमवारची.

"सोमवारीच लिहिलंत?"

"तुम्ही दाराबाहेर पडलात, तेव्हाच."

उत्तर दिलेली चिठ्ठी ग्रंथालयाबाहेर न्यायची परवानगी नसते. त्यानं ती घडी घालून खिशात ठेवली आणि तो निघाला. मी अडवलं नाही.