बियाण्याचे कोठार

वैशाखातल्या त्या पहाटे भैरवकड्याच्या तटांवर तांबूस उजेड पसरत होता, तेव्हा सात महिने पगार न मिळालेले पाचशे शिपाई महादरवाज्यात धरणे धरून बसले होते, आणि वर सदरेवर अमात्य भास्करपंत राजांपुढे हात जोडून उभे होते.

तीन वर्षांच्या लढायांनी खजिना पार आटला होता. राजे सुभानराव म्हणाले, "पंत, बियाण्याचे कोठार बंदरच्या व्यापाऱ्यांना विका आणि शिपायांची तोंडे बंद करा."

"महाराज, यंदाची तूट भरेल, पण पेरणीच झाली नाही, तर पुढल्या साली महसूल कुठून यावा? त्यापेक्षा नव्या महालाचे काम थांबवावे, हत्तींचा पीलखाना निम्मा करावा..."

"महाल थांबणार नाही! सूर्यास्तापूर्वी कोठार रिते झाले पाहिजे."

पंतांनी मुजरा केला आणि ते थेट महादरवाज्यात गेले. शिपायांचा नाईक हैबतराव तलवारीला हात घालून उठला. पंतांनी काहीही न लपवता त्याला सारे सांगितले आणि कोठाराच्या किल्ल्या त्याच्या हाती ठेवल्या.

"बियाणे गावोगाव पोचवा. पीक आले की पहिला वसूल तुमचा. तोवर मी तुमच्यात ओलीस राहतो."

"आणि पीक बुडाले तर?"

"तर माझी मान तुमची."

हैबतरावाने तलवारीवरचा हात काढला. मग त्याने गाड्या जोडायला सांगितल्या. राजे संतापले, पण सारे हत्यारबंद पंतांच्या बाजूला असताना ते काय करणार?

मार्गशीर्षात खळी भरली. वसूल आला, शिपायांची बाकी पै न पै फिटली. तिसऱ्याच दिवशी राजद्रोहाच्या आरोपाखाली पंतांच्या कडेलोटाचा हुकूम सुटला, आणि बजावणी हैबतरावावर सोपवली गेली. पोट भरलेल्या पाचशांतून पंतांना वाचवायला एकही पुढे आला नाही.

कड्यावर पंतांनी विचारले, "सगळ्यांना पुरता पगार मिळाला ना?"

"मिळाला, पंत." हैबतरावाला मान वर करवेना.

"मग उशीर नको."

पुढल्या वैशाखात राजांनी महालासाठी कोठार विकले. नव्या अमात्यांनी निमूटपणे शिक्का उठवला. त्या साली भैरवकड्याखालची शिवारे पडीक राहिली, आणि दिवाळीच्या आत निम्मी गावे मुलखाबाहेर निघून गेली.