तेल वर आलं कसं?

तामसीच्या थांब्यावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, तशी मैत्रीच्या पिशवीतली पीनट बटरची बरणी उडाली, सीटखाली गेली आणि घरंगळत घरंगळत नुकत्याच चढलेल्या एका तरुणाच्या चपलेला जाऊन टेकली.

बस बायकांनी खच्चून भरलेली. बायकांचा प्रवास फुकट झाल्यापासून आदिलाबादच्या बसमध्ये पुरुषाला टेकायला जागा मिळाली तर नशीबच म्हणायचं. कंडक्टरबाई तेलुगूत "जरगंडी, जरगंडी", सरका सरका, करत सगळ्यांना मागे रेटत होत्या. त्या रेटारेटीत तो तरुण खाली वाकला, बरणी उचलली, आणि शहाण्या माणसाने ती परत द्यावी की नाही? हा तिच्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागला.

"शेंगदाने... साखर... घट्ट केलेलं वनस्पती तेल... हे इमल्सिफायर काय असते बाप्पा?"

"वाचून झालं असंन तं द्या," मैत्री म्हणाली.

"देतो न. पन शेंगदान्यात साखर कायले टाकतेत?"

"कंपनीले इचारा."

"तुमी नाई इचारलं?"

"मी तुमाले इचारलं का, तुमी कोन हाय म्हनून?"

"नाई इचारलं. पन सांगतो. धम्मदीप. तामसीत पिठाची चक्की हाय न आमची, तिथंच मी बी हे बनवतो. पीनट बटर. पन नुसत्या शेंगदान्याचं."

मैत्रीने बरणी हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. झाकण फिरवून पाहिलं. सील शाबूत होतं. तरी एकदा नखाने खरवडून पाहिलंच. तो हसला, आणि हसताना त्याचा डावा गाल उगाचच खोल गेला. आता हे तिने का पाहावं? पण पाहिलं खरं.

मैत्रीचा स्वभावच संशयी होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. वय तेवीस, वडील चंपत तहसीलमध्ये कारकून, आणि पोरीच्या डोक्यात लहानपणापासून एकच खूळ, पोलीस व्हायचं. मागच्या भरतीत आठशे मीटरला ती पुढे होती. पण त्या सकाळी वडिलांच्या ओळखीचे उत्तमराव घरी आले होते, आणि "घोड्यावानी पळशील बेटा" म्हणत त्यांनी कसलंसं शक्तीचं चूर्ण दुधातून पाजलं होतं. शेवटच्या वळणावर पोटात असा पीळ पडला, की पोरगी मैदानातच खाली बसली. शेवटून पहिली आली. तेव्हापासून आई भागीरथाबाईंच्या हातचं सोडलं तर ती कोणाच्याच हातचं खात नसे. कंपनीची बरणी चालायची, कारण तिला माणसाचा हातच लागलेला नसतो अशी तिची समजूत.

आणि यंदाची ही शेवटची संधी. वडिलांनी साफ सांगून ठेवलं होतं, यंदा नाही जमलं तर बेल्लमपल्लीचं स्थळ पाहायचं. मुलगा खाणीत नोकरीला होता, चांगला होता म्हणे. पण मैत्रीला ते ऐकूनसुद्धा धाप लागायची.

पहिल्या बसला मैत्री मैदानावर सरावाला जाई, त्याच बसला हा आदिलाबादच्या दुकानांत बरण्या ठेवायला निघे. डिसेंबरचा महिना, काचा धुक्याने भिजलेल्या, आणि कानाला मफलर गुंडाळून हा नेमका तिच्या सीटशेजारच्या दांड्याला धरून उभा. रोज? रोजच? मैत्रीने मनात नोंद केली. चौथ्या दिवशी त्याने तिच्यापुढे एक काचेची बरणी धरली. कागदावर हाताने लिहिलेलं होतं, 'फक्त शेंगदाणे'.

"घ्या. खाऊन पाहा."

"काऊन?"

"काऊन म्हंजे... तुमी धावता म्हनून."

"मी धावते हे तुमाले कोनी सांगितलं?"

"पायात बूट, हातात घड्याळ, आन् बस थांबाच्या आधी उडी मारता. कोनी सांगाले कायले पाह्यजे?"

तिने बरणी घेतली. खायला नव्हे हं, पुरावा म्हणून.

घरी नेऊन उजेडात धरली, तर पुरावा अगदी वरच तरंगत होता! बोटभर तेल. कागदावर लिहिलंय फक्त शेंगदाणे, मग हे तेल आलं कुठून? नक्कीच वजन भरायला स्वस्तातलं काहीतरी ओतलेलं. मैत्रीने ते तेल हळूच एका औषधाच्या रिकाम्या बाटलीत काढून घेतलं, बुचावर फडकं बांधलं आणि तारीख टाकली. खाली उरलेल्या लगद्यात चमचा घातला तर चमचाच वाकला.

"पाह्यलं माय? खिडकीच्या काचा बसवाले होईन हे."

"मंग देऊन टाक त्याले परत," भागीरथाबाई म्हणाल्या. "आन् रोज त्याच्याबद्दल सांगनं बी बंद कर. कान किटले माहे."

दुसऱ्या दिवशी भर बसमध्ये मैत्रीने औषधाची बाटली त्याच्या नाकासमोर नाचवली.

"हे काय हाय?"

धम्मदीपने बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे. "तुमी... तेल काढून घेतलं?"

"जप्त केलं."

"आवो, ते ढवळाचं असते! शेंगदान्याचंच तेल हाय ते. आपोआप वर येते."

"माह्या कंपनीच्या बरनीत काऊन येत नाई मंग?"

"त्यांनी ते घट्ट तेल टाकून बांधून ठेवलं न. मी नाई बांधत."

पुढच्या सीटवरच्या दोघी बायका फसकन हसल्या. मैत्रीचे कान तापले. "भेसळ करनारा असंच सांगते," ती म्हणाली.

तो दुखावला. चेहऱ्यावरचं हसू असं एकदम उतरलं, की मैत्रीलाच कसंतरी झालं. पण माघार घेईल तर ती मैत्री कसली.

"मंग मी काय करू, ते तरी सांगा," तो म्हणाला.

ते तिने रात्रीच ठरवलं होतं. मैत्रीच्या गावात कुठलीही बाई चक्कीवर दळण टाकून घरी जात नाही. समोरच्या ओट्यावर ठाण मांडून बसते, आणि आपलं गरम पीठ आपल्याच डब्यात पडेपर्यंत नजर हलवत नाही. भागीरथाबाईंनी तीस वर्षं हेच केलं होतं. तोच कायदा इथेही लागू.

रविवारी मैत्री तामसीला उतरली, ती घरी भाजलेले, घरीच सालं पाखडलेले दाणे घेऊन. पंच म्हणून बरोबर आई आणि मैत्रीण सपना. चक्कीच्या मागच्या खोलीत दगडी ग्राइंडर होता, इडलीचं पीठ वाटतात तसला. मैत्रीने मोबाइलचा उजेड पाडून त्याचं भांडं आतून पाहिलं, आपल्या रुमालाने पुसलं, रुमालाचा वास घेतला. मग दोन हात अंतरावर स्टूल टाकून बसली.

"करा सुरू. आन् बाह्या वर करा."

"बाह्या काऊन?"

"बाहीत काय लपवता येते ते मले ठाऊक हाय."

त्याने मुकाट्याने बाह्या दुमडल्या. दाणे मूठमूठ पडू लागले. आधी त्यांचा रवा झाला, मग गोळा. गोळा भांड्याला चिकटून बसला, धम्मदीपने लाकडी उलथण्याने सोडवला, पुन्हा चिकटला, पुन्हा सोडवला. मैत्रीची नजर त्याच्या हातांवरून ढळली नाही. तपासाचं कामच होतं ते... म्हणजे, सुरुवातीला तरी.

"इतकं टक लावून पाहून राह्यल्या तुमी, मले घाम फुटला," तो खाली बघतच म्हणाला.

"निर्दोष मानसाले घाम येत नाई."

"येते वो... पाहनारं कोन हाय, त्याच्यावर असते."

सपनाला खोकला आला. भागीरथाबाईंना एकाएकी दाराबाहेरची शेळी फारच बघण्यासारखी वाटायला लागली. मैत्री मात्र ताठ बसून राहिली, फक्त ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

आणि तासाभराने तो गोळा सुटला. बघता बघता सैल झाला, चकाकला, धार धरून वाहायला लागला. खोलीभर भाजक्या दाण्यांचा खमंग वास पसरला. वरून एक थेंब पडला नव्हता, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तरी तिने बरणीला दोरा बांधला, गाठीवर कागद डकवून सही केली आणि घरी नेऊन पेटीत कुलपात ठेवली.

पाचव्या दिवशी पेटी उघडली. बोटभर तेल वर आलेलं होतं.

मैत्रीने बरणी मांडीवर घेतली. लाज वाटली, अगदी खरीखुरी लाज. त्याचं ते उतरलेलं तोंड आठवलं. मग तिने चमच्याने सावकाश ढवळलं, एक चमचा तोंडात टाकला. जीभ सवयीने साखर शोधायला लागली... नव्हती. दोन दिवस ते बेचवच लागलं. तिसऱ्या दिवशी दाण्यांची चव कळायला लागली, आणि आठवड्याने कंपनीची बरणी उघडली तर ती मिठाईसारखी गोड लागून खाववेना. ती तिने सपनाला देऊन टाकली.

आता सरळ जाऊन चुकले म्हणायचं की नाही? ती म्हणणारच होती. पण मैदानाच्या फाटकाशी धम्मदीप रुपाला, तिच्याच सरावातल्या रुपाला, बरणी देताना दिसला. रुपा हसत होती. तोही हसत होता. तोच तो डावा गाल!

असं होय! म्हणजे हा सगळ्यांनाच 'धावता म्हणून' सांगतो तर! मैत्रीने दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये पलीकडची सीट धरली. बरणी संपली, नवी मागितली नाही. तो दोनदा जवळ येऊन उभा राहिला, एकदा म्हणालासुद्धा, "आता कोनता गुन्हा झाला माह्याकडून?" तिने खिडकीबाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या मोजल्या. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून रडली, आणि आपण रडतोय हेच तिला सगळ्यात संशयास्पद वाटलं.

भरतीचा दिवस उजाडला. आदिलाबादच्या परेड मैदानाबाहेर पोरींची ही लांब रांग. कागद तपासणी, उंची, मग धाव. नंबर लागायला अजून दोन तास तरी होते आणि पहाटे खाल्लेली बिस्किटं केव्हाच जिरली होती. भागीरथाबाई चहा शोधायला गेल्या होत्या. मैत्रीने पिशवी पुन्हा चाचपली, आत बिस्किटांचा नुसता कागद.

कठड्यापलीकडे मफलर दिसला.

"पोळी आनली," धम्मदीप म्हणाला. डबा उघडला. पोळीला त्याचं ते बटर लावून गुंडाळी केलेली. "घरून आनली. मीच केली, म्हनून गोल नाई."

मैत्रीने डब्याकडे पाहिलं. दोरा नाही, सही नाही, पंच नाहीत. डोळ्यांपुढे उत्तमरावांचा दुधाचा पेला आला. हीच रांग, हीच सकाळ, असंच एक प्रेमाने पुढे केलेलं काहीतरी... आणि चुकलं तर वर्षभराची मेहनत जाऊन समोर बेल्लमपल्ली.

"नाई खाल्लं तरी चालंन," तो हळूच म्हणाला. "मले राग नाई येनार. तुमी फक्त धावा."

आग्रह करणाऱ्यांना ओळखायला ती शिकली होती. आग्रह न करणाऱ्याचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"येक इचारू?" मैत्री म्हणाली. "बरन्या किती पोरींले देता?"

"ह्या मैदानावर? अकरा."

"आन् पोळी?"

त्याने मफलर उगाच सारखा केला. "पोळी मले येतच नाई. कालपासून शिकून राह्यलो. येकीसाठीच."

मैत्रीने गुंडाळी उचलली आणि खाल्ली. वास न घेता, उलटून न पाहता, सगळी.

धावताना तिला काही आठवलं नाही. फक्त शेवटचं वळण आलं तेव्हा पोटाकडे लक्ष गेलं, क्षणभरच. पोट शांत होतं. मग तिने जे पाय उचलले ते रेघ ओलांडूनच थांबवले, आणि शिट्टीवाल्या मॅडमनी तिच्या छातीवरचा नंबर वाचून टिकमार्क केला.

ती बाहेर आली तेव्हा तो त्याच कठड्याशी होता. तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं. तो हसला, पण ते हसू काही गालापर्यंत पोचलं नाही.

"पास झाले मी! तोंड काऊन पाडलं?"

"नाई... खूश हाय मी. पन आता लेखी बी काढान, मंग ट्रेनिंगले जान तुमी, मंग कुठं पोस्टिंग... आपली बस तं..." त्याचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. रिकामा डबा तो या हातातून त्या हातात करत होता. "मी काय म्हनू आता?"

"काई नका म्हनू. मीच म्हनते." मैत्रीची छाती आठशे मीटरला धडधडली नव्हती इतकी धडधडत होती. "मी लई छळलं तुमाले. चुकलंच माह्यं. आन्... मले आवडता तुमी. कुठंबी गेली तरी आवडान."

त्याने डबा कठड्यावर ठेवला. डोळे भरले, आणि ते लपवायला त्याने थट्टेचा आधार घेतला.

"पुरावा काय?"

मैत्रीने आपले दोन्ही रिकामे हात त्याच्यापुढे धरले.

"पुरावा नाई," ती म्हणाली. "इश्वास ठेवा लागंन."

"ठेवला," धम्मदीप म्हणाला.