स्टेपनीचं वजन वाढलं तेव्हा

"घरच्या काट्यावर रोज बाळाचं वजन करत बसू नकोस, वेड लागेल," दवाखान्यातल्या सिस्टरनी मला बजावलं होतं. मी शहाण्यासारखी मान हलवली आणि त्याच संध्याकाळी वजनकाटा विकत आणला.

बाळाला छातीशी धरून काट्यावर उभं राहायचं आणि येईल त्या आकड्यातून माझं वजन वजा करायचं. सोपं होतं. काट्याचे सेल संपले म्हणून एके सकाळी बाळाला घेऊनच खाली उतरले, तर पार्किंगमध्ये एक जण गाडीची स्टेपनी कवटाळून उभा... आणि पायाखाली अगदी माझ्यासारखाच काटा.

"अहो — जरा आकडा वाचता का? मला चाकापलीकडचं काही दिसत नाही."

मी वाचला. तळमजल्यावरचा नवा भाडेकरू होता तो. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचा. म्हणाला, दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेतो, सुट्टीच्या दिवशी आकडे. मागे त्याची जुनी, बुटकी स्पोर्ट्स कार दारं उघडून पसरली होती. तिला हलकी करायचा ध्यास त्याने घेतला होता. महागडे हलके पार्ट खिशाला झेपणारे नव्हते, तेव्हा फुकटात जे निघेल ते काढत होता.

पंक्चर झाली तर काय, हे मी विचारलंच. त्याने पंक्चरचं किट दाखवलं, मग बाळाकडे बघून म्हणाला, "आणि तुमच्या सामानातला हा डाग किती भरतो?"

त्याच्या काट्यावर मी बाळाला घेऊन उभी राहिले, तो वाकून आकडा वाचू लागला... आणि मग ते रोजचंच झालं.

घरात मी, बाळ आणि मावशी. बाळाच्या बाबांचं नि माझं बाळ यायच्या आधीच फिसकटलं होतं. माझ्या सगळ्या काळजीला धरायला तो एक आकडाच होता, आणि तो जागचा हलत नव्हता. बाळ दूध पीत होतं, हसत होतं, पण वाढत नव्हतं. मावशी म्हणायची, पोराचे गाल बघ की, काटा काय बघतेस. पण गालांना आकडा नसतो ना...

खाली मात्र कामाला वेग आला होता. गालिचा निघाला, त्याखालचे जाड पत्रे निघाले, बंद पडलेले स्पीकर निघाले. मी पहारेकरी. सीटबेल्ट, एअरबॅग आणि मागची सीट यांना हात लावायचा नाही, अशी तंबीच दिली होती.

"हॉर्न काढू?"

"काढा. आणि खिडकीतून ओरडत जा."

"तुमच्या नावाने ओरडलो तर चालेल?"

मी बाळाचं टोपरं उगाचच सारखं केलं.

मावशी त्याला रोज ताट पाठवायची. म्हणायची, गाडी वाळवतोय बिचारा, स्वतः तरी खाऊ दे.

एका दुपारी त्याने स्टेपनी पुन्हा तोलली. दीड किलोने जास्त भरली.

"चाकाने बाळसं धरलं की काय?" मी म्हटलं. कित्येक दिवसांनी हसले होते.

चाक खाली ठेवून तो एकटाच काट्यावर चढला आणि ओशाळला. जुनंच वजन वजा करत होता तो. फुगला होता स्वतःच. मग एकदम माझ्याकडे वळला.

"तुम्ही वजा करता तो आकडा कधीचा?"

"काटा आणला त्या दिवशीचा..."

"बाळ द्या इकडे."

घराबाहेरच्या कुणाच्या हातात मी पहिल्यांदाच बाळ दिलं आणि एकटी उभी राहिले. त्याने वाकून बघितलं. मग बोटांवर वजाबाकी केली.

"बाळ छान वाढतंय," तो हळूच म्हणाला. "कमी होताय त्या तुम्ही."

माझे डोळे भरून आले. समोर बाळ त्याचा चष्मा ओढत होतं.

पुढच्या तपासणीत सिस्टरनीही तेच सांगितलं, वर मला झापलं. घरी आले तर तो गाडीशेजारी, स्वच्छ असलेला चष्मा पुन्हा पुसत.

"फुकटातला एकच उपाय उरलाय," तो म्हणाला. "गाडीत एकट्यानेच बसायचं."

"मग बसा की."

"तेवढं... जमेलसं वाटत नाही. तुम्ही दोघं याल? म्हणजे — फक्त आजच्यापुरतं नाही म्हणत मी."

"गाडी जड होईल."

"होऊ दे."

मागच्या सीटवर त्याने बाळाची खुर्ची बसवून ठेवली होती. मी ती दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितली. तसूभर हलली नाही. मग हो म्हटलं.

तुमच्या वरच्या मजल्यावर कुणी नवी आई राहत असेल, तर आज जिना चढून जा. बाळाचं कौतुक मागाहून करा. आधी तिच्याकडे नीट बघा... आणि बाळ थोडा वेळ तुमच्याकडे घ्या, म्हणजे ती बसून जेवेल.