हळू दाब

दिवा जरा इकडे सरकवा... हं. गिटारी दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. बायको गेल्यापासून घरात आवाज म्हणून तेवढाच. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

एका संध्याकाळी एक काका इलेक्ट्रिक गिटार घेऊन आले. गेलेल्या लेकीची. तिची एक धून ते हट्टानं शिकत होते.

"मोकळी तार सुरात असते," ते म्हणाले, "दाबली की सूर हवा त्याहून चढतो. एकदा तरी तिच्यासारखी वाजू दे हो."

म्हटलं, आपल्या हातचा मळ आहे. तारा गंजल्या होत्या, बदलल्या. गिटारीची मान वाकली असेल म्हणून पाहिली, तर सरळ. तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून उंच वाटल्या, खाली घेतल्या. ब्रिजपाशी, म्हणजे खाली तारा टेकतात तिथे, स्क्रू फिरवून तारेची लांबी वाढवली. सूर चढलेलाच. उरलं एकच कारण: बोट फार जोरात दाबलं तर तार ताणली जाते. पण मी तर बोट नुसतं टेकवलं होतं.

म्हणून बोटाकडे पाहिलं. नख पांढरंफटक. वरून कुणीतरी दाबत होतं... गार, ओलसर. काका गिटार ठेवून केव्हाच गेले होते, दुकानात चिटपाखरू नव्हतं.

घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण हात काढवेना. कित्येक दिवसांत कुणी माझा हात धरला नव्हता.

"हळू, बाळ..." मी पुटपुटलो. "हळू दाब..."

सूर दाखवणाऱ्या ट्यूनरचा काटा थरथरला आणि मधोमध येऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी काका आले आणि खुशीत गिटार घेऊन गेले. आठवड्याभरात परत आले, तोंड एवढंसं करून.

"सूर अगदी बरोबर लागतो," ते म्हणाले. "पण पूर्वी वाजवताना बोटांवर गार, ओलसर लागायचं... मला वाटायचं, म्हातारपण. ती होती हो ती. पुन्हा बिघडवून द्या."

मी स्क्रू उलटे फिरवले. त्यांनी तार दाबली, सूर चढला, पण ते मान हलवत राहिले. हात कोरडाच.

आणि इकडे, टेबलावर टेकलेल्या माझ्या बोटांवर तो गारवा बसलेला. अगदी ओठांवर आलं होतं, काका, ती इथं आहे.

तेवढ्यात ते म्हणाले, "इतकीशी बोटं होती माझ्या पोरीची. जोर म्हणून नव्हता त्यांत."

माझ्या बोटावर जे दाबत होतं ते अंगठ्याहून रुंद होतं... आणि त्याला नख नव्हतं.